फीट थांबली, पण पोरगं बदललं

मेंदूविकाराच्या ओपीडीत रोज घडणारा एक संवाद आहे, मिनिटभरात संपणारा. "फीट आली का?" "नाही." "गोळ्या वेळेवर चालू?" "हो." "मग छान, तीन महिन्यांनी या." यात डॉक्टरांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. बाहेर बाकांवर पेठ, सुरगाणा, कळवणहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं खेटून बसलेली असतात, आणि परतीची गाडी चुकली तर नाशकात मुक्कामाची सोय कितीजणांकडे असते? खरं बोलणं सुरू होतं ते आई बाहेर आल्यावर. शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगते, "फीट थांबली हो, पण पोरगं पार बदललं. उठसूट चिडतं. परवा धाकटीला ताट फेकून मारलं." ऐकणारी बाई नुसती मान हलवते. तिच्याही घरी तेच चाललेलं असतं.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आधी पंचवटीत, मग सिडकोत. निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या आयांबरोबर अशा बाकांवर बसायला जाते. केसपेपर काढायचा, चिठ्ठी वाचून दाखवायची, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या भाषेत सांगायचं. मी डॉक्टर नाही. पण दाराबाहेर सांगितली जाणारी ती गोष्ट खरं तर आत सांगायची असते, हे मला या बाकांनी शिकवलं. मुलाचं ते वागणं बहुतेकदा आजाराच्या हद्दीतलंच असतं, हद्दीबाहेरचं नाही.

अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी, फीट. नावं पाच, आजार एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक लहरींनी बोलतात. वर्गात मुलं गटागटाने हळू आवाजात बोलत बसावीत तसं. मध्येच एक कोपरा एका सुरात ओरडायला लागला की वर्गाचं काम थांबतं. मेंदूत असं झालं की फीट. कोपरा कोणता यावर ती कशी दिसेल ते ठरतं. हाताचा कोपरा असेल तर नुसता हात उडतो, सगळाच वर्ग ओरडला तर मूल बेशुद्ध पडून सर्वांगाला झटके येतात. आणि याच वर्गात राग आवरणारी, लक्ष टिकवणारी, भीती जोखणारी, झोप सांभाळणारी मुलंही बसलेली आहेत. शेजारी गोंधळ चालू असताना त्यांचं काम सुरळीत चालेल अशी अपेक्षा आपण करतो आणि मग मुलाला हट्टी म्हणतो.

(बाळाला तापात फीट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. ताप किंवा दुसरं तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट्स आल्या, किंवा एकीनंतरच पुन्हा येण्याची दाट शक्यता तपासणीत दिसली, तर डॉक्टर तो शब्द वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषधं मिळाली तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फीटविना जगू शकतात.)

"आजारी म्हणून लाडावलाय." हे आजूबाजूच्यांचं आवडतं निदान. ते तपासायची एक साधी रीत आहे: दुसरा दीर्घ आजार असलेल्या मुलांशी तुलना करायची. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या शाळकरी मुलांची मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली, ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. बेटावरच्या एकूण मुलांत साधारण ७ टक्क्यांना भावनिक किंवा वागणुकीचा ठळक त्रास होता. मेंदूशी संबंध नसलेला दीर्घ आजार असलेल्यांमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. मेंदूला दुसरी काही इजा नसलेल्या पण अपस्मार असलेल्यांमध्ये जवळपास २९ टक्के. आणि इजाही आहे, फिट्सही आहेत, अशांमध्ये ५८ टक्के. पुढे २००३ मध्ये ब्रिटनभरच्या मुलांची अशीच पाहणी छापली गेली. अपस्मार असलेल्यांत ३७ टक्के, मधुमेह असलेल्यांत ११ टक्के, बाकी मुलांत ९ टक्के.

मधुमेहाच्या आकड्यावर जरा थांबा. रोज सुई टोचून घेणारं, गोडाला हात न लावणारं, आईबाप सतत ज्याच्या काळजीत असतात असं ते मूल. लाडावण्याची, वैतागण्याची सगळी कारणं तिथेही हजर आहेत. तरी आकडा जवळपास इतर मुलांइतकाच. मग अपस्मारातली ही उडी नुसत्या लाडाने किंवा आजारपणाच्या कंटाळ्याने समजत नाही. अमेरिकेत जोन ऑस्टिन यांच्या गटाने २००१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: पहिली फीट ओळखली जाण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतही या मुलांच्या वागण्यात अडचणी जास्त होत्या. म्हणजे आजाराचं नाव घरात येण्याआधी, गोळी सुरू होण्याआधी, कुणी लाड करण्याआधी. फिट्स आणि वागणं ही बरेचदा एकाच मुळाचे दोन फुटवे असतात.

आता माझी गोष्ट सांगते, ती लपवून हा लेख लिहिणं बरोबर होणार नाही. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती, शांत, नीटनेटकी, मधूनच कुठेतरी बघत बसणारी. मी तिचं नाव 'तंद्रीबाई' पाडलं होतं आणि सगळा वर्ग हसायचा. तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत चमत्कारिक चुका असायच्या. शब्द चुकलेले नसायचे, गायब असायचे. मी सांगितलेलं "सकाळी आई विहिरीवर पाणी आणायला जाते" तिच्या वहीत "सकाळी आई आणायला जाते" असं उतरायचं. मधले दोन शब्द नाहीत, आणि पुढचं अक्षर तितकंच सुरेख. मी लाल शाईने 'लक्ष दे' लिहायचे. वर्षभर लिहिलं. एकदा तर तास संपेपर्यंत उभं केलं. पुढे तिच्या आजीच्या लक्षात आलं की घास तोंडाकडे नेता नेता पोरीचा हात हवेत थांबतो, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही अशी ती जेवायला लागते. डॉक्टरांनी तिला कागदी भिरभिरं फुंकायला दिलं. जोरजोरात श्वास घेत फुंकता फुंकता ती त्यांच्यासमोरच 'गेली', आणि काही सेकंदांत परत आली.

याला अ‍ॅबसेन्स फीट म्हणतात. पडणं नाही, फेस नाही, पाच-दहा सेकंदांचा खंड. दिवसात असे अनेक खंड पडू शकतात, आणि प्रत्येक खंडात वर्ग पुढे गेलेला असतो. तंद्रीतलं मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येतं. या खंडातलं येत नाही, तो आपला वेळ घेऊनच संपतो. एवढा एक फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर! अमेरिकेत या प्रकारच्या अपस्माराच्या औषधांवर मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये ती छापून आली. त्यातल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना औषध सुरू होण्याआधीच लक्ष टिकवण्याची अडचण होती, आणि फिट्स थांबल्यावरही अनेकांची ती टिकून राहिली. फीट थांबली म्हणजे वर्गात सगळं जागेवर आलं, हे शाळेने आणि घरानेही गृहीत धरू नये.

लक्षाची अडचण हा या मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा त्रास. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाकावरून उड्या मारणारा मुलगा येतो. अपस्माराबरोबर येणारा प्रकार बरेचदा उलट असतो: गप्प, हरवलेला, काम अर्धवट सोडणारा. तो मुलींमध्येही साधारण मुलांइतकाच आढळतो. गोंधळ घालणाऱ्याकडे बाईंचं लक्ष जातं, हरवलेलीकडे जात नाही. मुलांच्या अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला असा की सहा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलात हे वर्षातून एकदा मुद्दाम तपासावं, आणि फीटची गोळी बदलली की पुन्हा बघावं.

वागणं आणि फीट यांचं घड्याळही जुळवून पाहावं लागतं. काही मुलं फीट येण्याच्या काही तास आधीपासून, कधी आदल्या दिवसापासूनच किरकिरी होतात. आई म्हणते, "मला कळतंच, आज काहीतरी होणार." तिला खरंच कळतं. फीट संपल्यावर मूल गोंधळलेलं, थकलेलं, रडवेलं असतं. हे काही मिनिटं टिकतं, कधी दिवसभर. अशा वेळी चार माणसांनी हातपाय दाबून धरले तर ते झटापट करतं, चावतं. तो हल्ला नसतो, त्याला आपण कोण हेच कळत नसतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, घड्याळ बघा आणि मोकळं सोडा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको, चप्पल तर नकोच नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

फीट स्वतःच कधी 'वागणं' म्हणून येते. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तिथे सुरू झालेली फीट नुसती भीती बनून येऊ शकते. खेळता खेळता मूल एकदम पांढरंफटक होतं, धावत येऊन आईला घट्ट मिठी मारतं, मिनिटभराने पुन्हा खेळायला जातं. रात्री झोपेत कपाळामागच्या भागात सुरू होणारी फीट वाईट स्वप्नासारखी दिसते: ओरडणं, पाय झाडणं. फार क्वचित एखादं मूल कारण नसताना, चेहऱ्यावर आनंद नसताना, ठरावीक पद्धतीने हसतं. मेंदूच्या खोल भागातल्या एका जन्मजात गाठीने तसं होतं. अशा मुलाला कुठे कुठे नेलं जातं, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. अंगारा लावला म्हणून मी कुणाशी भांडत नाही, आईच्या जिवाला तेवढाच धीर. मात्र गोळी चुकवून गंडा बांधला तर भांडते. मोबाइलवर अशा प्रसंगाचं तीस सेकंदांचं चित्रण केलं तर डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. आणि बोलतं मूल बोलायचं कमी झालं, येत असलेलं विसरायला लागलं, तर तीन महिन्यांनंतरच्या तारखेची वाट बघू नका. काही प्रकारांत सगळा दंगा झोपेत चाललेला असतो आणि दिवसाच्या ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीत) तो सापडतही नाही.

आता गोळ्या. बाकावरचं निम्मं बोलणं यांच्याबद्दल असतं, आणि त्यात तथ्य आहे.

लेव्हेटिरासेटम हे औषध हल्ली फार वापरलं जातं, आणि त्याला कारणं आहेत. पटकन लागू पडतं, दुसऱ्या औषधांशी फारसं भांडत नाही, रक्ताच्या तपासण्या कमी लागतात. पण चिडचिड, रागाचे झटके, रडू येणं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. ४ ते १६ वयाच्या मुलांवरच्या चाचण्यांत असा त्रास सुमारे ३८ टक्के मुलांत दिसला. तेवढ्यावर घाबरू नका, पुढचा आकडाही वाचा: त्याच चाचण्यांत ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली त्यांच्यातही १९ टक्के मुलांत दिसला. म्हणजे गोळीने त्रास होतो हे खरं, आणि दिसणारा सगळाच त्रास गोळीचा नसतो हेही तितकंच खरं. कोणाचं काय, हे कळायला एकच प्रश्न कामाचा: चिडचिड गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू झाली का? हो असेल तर संशय गोळीवर. दोन वर्षांपासून तीच गोळी तोच डोस आणि राग या दिवाळीपासून, तर दुसरीकडे शोधायचं.

फिनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेलं स्वस्त औषध. मोठ्यांना सुस्ती आणणारं हेच औषध काही लहान मुलांना उलट भिंगरी लावतं. क्लोबाझामने काहींना पेंग येते, काही सैरभैर होतात. टोपिरामेटवर असलेल्या मुलाला ओठांवरचा शब्द सापडत नाही. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, आणि आठवीतल्या मुलीला वाढलेलं वजन ही काही लहान गोष्ट नाही. शिवाय पुढे गरोदरपणात बाळाला धोका असल्याने मुलींना ते देताना डॉक्टर दहादा विचार करतात. उलट लॅमोट्रिजिनसारखी काही औषधं कित्येकांचा मूड सावरतात. सगळ्यांना चांगली किंवा सगळ्यांना वाईट अशी गोळी नसतेच.

हे वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करणार असेल तर कृपा करून थांबा. अचानक बंद केलेली गोळी म्हणजे लागोपाठ न थांबणाऱ्या फिट्सना आमंत्रण, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांकडे बरेच मार्ग असतात. डोस हळूहळू वाढवणं, थोडा कमी करणं, रात्रीचा भाग वाढवून सकाळचा घटवणं, औषध पायरीपायरीने बदलणं. लेव्हेटिरासेटमबरोबर काहीजण ब-६ जीवनसत्त्व देऊन पाहतात. त्यामागचा पुरावा अजून कच्चा आहे, पण विचारायला हरकत नाही. यांतलं काहीही करायचं तर डॉक्टरांना आधी कळायला हवं की त्रास आहे. आणि ते तर दाराबाहेर सांगून झालेलं असतं.

एक जुनं निरीक्षण इथे आठवतं. हाइनरिख लांडोल्ट नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९५३ मध्ये लिहून ठेवलं की काही रुग्णांत फिट्स थांबतात, ईईजी स्वच्छ होतो, आणि नेमकं तेव्हाच वागणं बिघडतं. हे विरळा आहे, आणि कशामुळे होतं यावर अजून वाद आहेत. पण "फीट थांबली आणि पोरगं बदललं" म्हणणाऱ्या आईला वेड्यात काढण्याचं कारण नाही.

घरात येऊ. "रडवू नका त्याला, फीट येईल." हे वाक्य मी ओझरच्या बंगल्यात ऐकलं आहे आणि दिंडोरीच्या द्राक्षमळ्यातल्या पत्र्याच्या खोलीतही. मग मोबाइल मागितला, दिला. भावाचं खेळणं हिसकावलं, घेऊ दिलं. गृहपाठ राहिला, राहू दिला. पोराला सहा महिन्यांत पक्कं कळतं की या घरात सर्वांत मोठं हत्यार आपल्या हातात आहे. खरं काय? हट्ट केल्याने, रडल्याने सहसा अपस्माराची फीट येत नाही. (एक-दोन वर्षांचं बाळ रडता रडता श्वास धरून निळं पडतं, तो प्रकार निराळा. तो अपस्मार नव्हे. मात्र पहिल्यांदा घडला की डॉक्टरांना दाखवावं.) माझ्या तंद्रीबाईसारख्या मुलांना जोरजोरात हुंदके देताना चार सेकंदांचा खंड पडूही शकतो. पडला तर पडला. त्यासाठी घराने गुडघे टेकायची गरज नाही. घरातले नियम भावंडांना जे तेच याला, फक्त सांगायचे कमी शब्दांत, एका वेळी एक.

दुसरं टोकही तितकंच वाईट. जिन्याने नको, सायकल नको, सहल नको, खेळाच्या तासाला बाकावर बस. रंगपंचमीला पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या रहाडीत सगळी पोरं धप्पा मारतात आणि हा खिडकीत. रहाडीत त्याला सोडू नका असं मीही म्हणेन. खोल हौद, रंगाचं गढूळ पाणी, वर गर्दी. आत फीट आली तर कुणाला दिसणारही नाही. रामकुंडावर एकट्याने उतरणं, कठडा नसलेल्या गच्चीवरून पतंग उडवणं, हेही नाही. पण गल्लीत रंग खेळायला काय हरकत आहे? मैदानावरून पतंग? कबड्डी? पोहायचंच असेल तर फिट्स आटोक्यात असताना, डॉक्टरांना विचारून, शेजारी नजर ठेवणारं माणूस असताना स्वच्छ पाण्याच्या तलावात. ज्याला सगळ्यालाच 'नको' ऐकावं लागतं ते मूल एक तर फणा काढतं नाही तर शिंपल्यात जातं.

मोठ्या मुलांत हे शिंपल्यात जाणं जास्त दिसतं. वर्गात कपड्यांत लघवी झाली, सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर शाळेत न जाण्यासाठी रोज पोट दुखतं. पुन्हा कधी येईल, कुणासमोर येईल ही टांगती तलवार. मुलगी असेल तर घरात कुजबुज: "बाहेर बोलू नका, उद्या लग्नाचं काय?" हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये एके काळी अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. कायद्यातून गेला, पण कुजबुज अजून आहे. पोरीला त्यातून एवढंच कळतं की आपल्यात लपवण्यासारखं काही आहे. आणि शाळेला कळवलं नाही की फीटच्या वेळी शेजारची बाई चप्पल शोधते.

नैराश्य मुलांमध्ये उदास चेहऱ्याने येईलच असं नाही. चिडणं, झोप बिघडणं, आवडीच्या गोष्टीतला रस जाणं, मित्र सुटणं अशा वेशांतही ते येतं. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं मूल बोललं तर ते नाटक समजू नका. फीटच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००८ मध्ये इशारा दिला होता: चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती दर हजारी सुमारे ४, न घेणाऱ्यांमध्ये सुमारे २. धोका लहान आहे, बेफाम फिट्सचा धोका त्याहून मोठा, म्हणून गोळी चालूच ठेवायची. पण असं वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो.

उपाय काय, यावर थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक मुलाचा निराळा निघतो. पहिलं पाऊल झोप. दहापर्यंत क्लासचा गृहपाठ, मग पांघरुणात मोबाइल, सकाळी सहाची रिक्षा. या वेळापत्रकात धडधाकट मूलही चिडकं होतं, आणि अपुरी झोप फीटला तर हमखास बोलावणं धाडते. मग गोळीचा आढावा. मग समुपदेशन, त्यात मुलाइतकंच आईबापांचं शिकणं असतं. फिट्स आटोक्यात असतील तर एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट देखरेखीखाली देता येतं. त्याने फिट्स भडकतील ही जुनी भीती बहुतेक मुलांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की वडील उठून जातात, हा माझा अनुभव. त्यांना मी एवढंच विचारते, दाताला दातांचा डॉक्टर चालतो ना? आईकडेही कुणीतरी बघावं. रात्ररात्र मुलाच्या छातीवर हात ठेवून जागणाऱ्या बाईचं मन थकलं तर त्याची झळ मुलाच्या वागण्यात उतरते.

पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे नाव लक्षात ठेवा. २०१३ पासून सुरू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत फिट्सही आहेत आणि लक्षाच्या, शिकण्याच्या, वागण्याच्या अडचणीही. दोन्ही एकाच कागदावर. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्राकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे) पाठवतात. पथक येणार त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका, बाईंना आधी सांगून ठेवा.

आणि आता ते आत सांगायचं कसं. तीन महिन्यांचं वागणं मिनिटभरात तोंडी सांगता येत नाही, "खूप चिडतो हो" एवढंच निघतं. आपल्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यावर दुधाचे खाडे आपण कुणी न शिकवता मांडतो. तसंच मांडायचं. फीट आली तिथे लाल फुली. गोळी चुकली तिथे शून्य. डोस बदलला ती तारीख गोल करायची. चिडचिडीचा दिवस असेल तर एक रेघ, मारामारीचा असेल तर दोन. झोप मोडली तर कोपऱ्यात टिंब. चांगला दिवस कोरा सोडायचा. तीन पानं डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांना बोलण्याआधी दिसतं: रेघा गोल केलेल्या तारखेनंतर दाटल्या, की लाल फुलीच्या आदल्या दिवशी येतात, की शाळा असलेल्या दिवशीच. आत गेल्यावर पहिलं वाक्यही ठरवून ठेवायचं, कारण "फीट आली का"ला "नाही" म्हटलं की दार बंद होतं. "फीट नाही, पण वागणं बिघडलंय, हे बघा," असं एका दमात म्हणायचं.

निफाडकडच्या एका आईने हे मनावर घेतलं. मागच्या खेपेला पानं गुंडाळून पदराखाली घेऊन आत गेली, ती तब्बल पंधरा मिनिटांनी बाहेर आली. डोस दोन टप्प्यांत खाली आणायचा ठरला, समुपदेशनाची चिठ्ठी मिळाली. तरी चेहऱ्यावर काळजी. मी विचारलं, "आता काय झालं?" म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी चालू महिन्याचं पान फाईललाच लावून घेतलं. घरी सासूबाई विचारतील ना, संकष्टी कधी आहे."